आधी मेडिकल, मग ग्राउंड

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न ऐकले तर पुन्हा पुन्हा तेच कानावर येतात. दीड नंबरचा चष्मा आहे, चालेल का? तळवा सपाट आहे, काढून टाकतील का? उभं राहिलं की गुडघ्याला गुडघा लागतो, अडवतील का? हर्नियाचं ऑपरेशन झालंय, सांगायचं की गप्प बसायचं? वसईतल्या राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर पहाटे धावणारे, जीवदानी मंदिराच्या पायऱ्या चढून दम वाढवणारे, संध्याकाळी अभ्यासिकेत बसणारे, सगळे हेच विचारतात. उत्तर देणाराही बहुधा दुसरा उमेदवारच असतो. "माझ्या चुलतभावाला घेतलं, म्हणजे तुलाही घेतील," असं तो सांगतो आणि त्या भरवशावर दोन-दोन वर्षं जातात.

या प्रकरणात शरीराचा एकेक भाग घेऊन, खात्याला तो कसा हवा आणि का हवा, ते पाहू. कारण कळलं की नियम लक्षात राहतो, आणि आपलं शरीर त्यात कुठे बसतं हेही स्वतःला तपासता येतं.

१. डॉक्टर शेवटी भेटतो

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याआधी वसई-विरारची पोलीस ठाणी पालघर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे होती. आता वसई तालुक्यातल्या मुलाला घरापासून जवळ असे दोन भरती घटक आहेत: हे आयुक्तालय आणि पालघर जिल्हा पोलीस. दोन्हीकडची पद्धत राज्याच्या नियमांप्रमाणे सारखीच आहे.

आधी मैदानी चाचणी, ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यात निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून, एका जागेमागे दहा या हिशेबाने, लेखी परीक्षेला बोलावलं जातं. लेखी परीक्षा १०० गुणांची. दोन्हींची बेरीज होऊन निवड यादी लागते. वैद्यकीय तपासणी त्यानंतर, सरकारी रुग्णालयात.

खात्याच्या दृष्टीने हा क्रम बरोबर आहे. हजारो अर्जदारांचे डोळे, कान आणि रक्त तपासायला कुठल्याही जिल्ह्यात पुरेसे डॉक्टर नसतात. उमेदवाराच्या दृष्टीने मात्र तो फार महागात पडू शकतो. रंगांधळेपणासारखी जन्मजात गोष्ट सगळ्या पायऱ्या पार केल्यावर समोर येते, तोवर वय, पैसे आणि इतर परीक्षांच्या संधी निघून गेलेल्या असतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की खातं ज्या क्रमाने तपासतं, त्याच्या उलट क्रमाने तुम्ही स्वतःला तपासा. बूट घेण्याआधी डोळे तपासून घ्या.

२. उंची आणि छाती

ही दोन मापं मैदानावरच घेतात. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. राज्य राखीव पोलीस दलासाठी पुरुषांची १६८. पुरुषांची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त. महिलांना छातीचं माप लागत नाही.

छातीच्या मापात दोन वेगळ्या अटी आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, एकाची छाती ७८ आणि फुगवल्यावर ८५. फुगवटा ७ आहे, तरी पहिली अट चुकली. दुसऱ्याची ८२ आणि फुगवल्यावर ८६. छाती मोठी आहे, पण फुगवटा ४ च, म्हणून तोही बाहेर. पहिल्या अटीतून बांधा कळतो. दुसरीतून बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल फुप्फुसांना किती जागा करून देतात, ते कळतं. बांधा एका महिन्यात बदलत नाही. फुगवटा मात्र सरावाने वाढतो: पूर्ण श्वास सोडायचा, मग सावकाश वरपर्यंत भरायचा आणि क्षणभर थांबायचं. पोहणाऱ्यांना हे सहज जमतं.

उंचीबद्दल एक उपयोगाची गोष्ट. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर उभं राहिल्यावर दबतात. त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो आणि त्यातली बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच होते. ज्याची उंची अगदी काठावर आहे, त्याने मोजणीच्या दिवशी विरारहून लोकलमध्ये तासभर उभ्याने जाणं टाळावं आणि नंबर येईपर्यंत शक्य तितकं बसून राहावं. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर मात्र एक रुपयाही घालवू नये. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या विशीच्या आसपास बंद झालेल्या असतात. त्या बंद झाल्या की कुठल्याही डब्यातल्या भुकटीने उंची वाढत नाही.

३. डोळे

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर ६/६, ६/९, ६/१२ असे आकडे असतात. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा जो तक्ता तयार केला, त्यावरून ही पद्धत आली. वरचा आकडा म्हणजे तुम्ही तक्त्यापासून किती मीटरवर उभे आहात. खालचा आकडा म्हणजे निरोगी डोळ्याला तीच ओळ किती मीटरवरून वाचता येते. ६/१२ म्हणजे इतरांना जे १२ मीटरवरून दिसतं, ते दिसायला तुम्हाला ६ मीटरपर्यंत पुढे यावं लागतं.

हा फरक रस्त्यावर किती मोठा होतो, ते पाहू. ६/६ च्या ओळीतलं अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. चारचाकीच्या नंबरपाटीवरची अक्षरं ६५ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे साडेसातपट मोठी. म्हणून ६/६ चा डोळा 'एमएच ४८' ची पाटी जवळजवळ ४५ मीटरवरून वाचतो आणि ६/१२ चा डोळा साधारण २२ मीटरवरून. गाडी ताशी ४० किलोमीटरने अंगावर येत असेल, तर ती सेकंदाला ११ मीटर कापते. पहिल्या पोलिसाला वाचायला चार सेकंद मिळतात, दुसऱ्याला दोन. नाकाबंदीत या दोन सेकंदांना मोल आहे.

मग चष्म्याने दृष्टी ६/६ होत असेल, तर अडचण कसली? अडचण धावपळीची आहे. झटापटीत, पावसात, जमाव आवरताना चष्मा पडतो, फुटतो, धुरकटतो. म्हणून सशस्त्र दलं चष्म्याविनाची दृष्टी विचारतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत एका डोळ्याची ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ अशी चष्म्याविना दृष्टी मागतात. उणे दीड नंबर असलेल्या बहुतेकांना चष्म्याविना ६/१८ ची ओळही नीट वाचता येत नाही, तेव्हा तिथे त्यांचा निभाव लागणार नाही. मैदानाची तयारी एकच, म्हणून राज्याचा आणि केंद्राचा अर्ज एकाच दमात भरणारी मुलं आपल्याकडे खूप आहेत. प्रत्येक जाहिरातीतला दृष्टीचा आणि लेझर शस्त्रक्रियेचा परिच्छेद त्यांनी वेगवेगळा वाचलाच पाहिजे. एका दलात चालतं म्हणून दुसऱ्यात चालेल, असं गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट रंगांची. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावणारं पुस्तक जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ च्या सुमारास प्रसिद्ध केलं. आजही तेच वापरात आहे. लाल-हिरव्याचा गोंधळ ज्या जनुकामुळे होतो, ते एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाला एकच एक्स मिळतं, तेही आईकडून, त्यामुळे हा दोष मुलांत बराच आणि मुलींत क्वचित दिसतो. आईचे वडील किंवा मामा रंगांधळे असतील, तर मुलाने आधी तपासून घ्यावं. ज्याला हा दोष आहे त्याला बऱ्याचदा तो माहीतच नसतो, कारण त्याने जग दुसऱ्या रंगांत कधी पाहिलेलंच नसतं.

रंगांची तपासणी इतकी काटेकोर होण्यामागे रेल्वेचा इतिहास आहे. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर फ्रित्योफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रेल्वे कर्मचाऱ्यांना रंगीत लोकरीच्या लडी ओळखायला लावून तपासायला सुरुवात केली आणि ही चाचणी जगभर पसरली. पोलिसाचं काम सिग्नलशी तर आहेच, शिवाय पंचनाम्यात शर्टाचा रंग, पळालेल्या दुचाकीचा रंग, कपड्यावरचा डाग रक्ताचा की गंजाचा, हे सगळं नोंदवायचं असतं. त्या नोंदीवर कुणाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून असते. ठिपक्यांचं पुस्तक पाठ करून ही चाचणी पार करण्याचे सल्ले फिरतात. ते ऐकू नका. दोष राहतोच, आणि तो पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उघडा पडतो.

४. पाय

ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवा. ठसा मधे आत वळलेला असेल तर कमान आहे. पूर्ण पाऊल उमटलं तर तळवा सपाट. आता चवड्यांवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. चवड्यांवर गेल्यावर कमान तयार होत असेल, तर तो लवचीक सपाट तळवा. तरीही होत नसेल, तर तो ताठर तळवा, आणि तो अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवा.

भरतीचे डॉक्टर सपाट तळव्याकडे बारकाईने पाहतात. तळव्याची कमान उसळी देते, ती नसली तर लांब चालताना घोटा आणि पोटरी लवकर थकते, असा त्यामागचा जुना विचार आहे. या विचाराला शास्त्राचा आधार मात्र मला कच्चा वाटतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पायदळातल्या २४६ प्रशिक्षणार्थींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत सपाट तळव्यांच्या मुलांना दुखापती सर्वांत कमी झाल्या, उंच कमानीवाल्यांना जास्त. लवचीक सपाट तळव्यामुळे बाद होणाऱ्या मुलाबद्दल म्हणूनच वाईट वाटतं. पण नियम आहे तोवर तो आपल्याला लागू आहे, आणि तो सुरुवातीलाच माहीत असलेला बरा.

गुडघ्याला गुडघा लागतो का, हे पाहायला ताठ उभं राहून गुडघे अलगद एकमेकांना टेकवा आणि घोट्यांमधलं अंतर पाहा. थोडं अंतर पुष्कळांत असतं. जास्त असेल तर वजन गुडघ्याच्या बाहेरच्या भागावर येतं आणि तिथली कूर्चा लवकर झिजते. लहानपणी ड जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असं होतं. वाढ थांबल्यावर व्यायामाने हाड सरळ होत नाही. पायांत उशी धरून झोपण्याचे उपाय त्यामुळे निरुपयोगी आहेत.

पोटऱ्यांवर फुगलेल्या, वळ्यावळ्यांच्या निळ्या शिराही पाहतात. पायातलं रक्त वर चढताना मागे येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त साचतं. गणेशोत्सवात किंवा निवडणुकीत दहा-बारा तास एका जागी उभं राहणाऱ्या माणसाला हा त्रास वाढणार हे उघड आहे.

वसईच्या मुलांसाठी एक खास सूचना. वाळूवर धावणं दमासाठी उत्तम, पण परीक्षा कडक जमिनीवर होते. मऊ वाळूत टाच खचते आणि पोटरीवर ताण येतो. किनाऱ्याच्या उतारावर एक पाय सतत खाली पडतो. सगळा सराव वाळूत करून शेवटच्या महिन्यात एकदम डांबरावर आलं की नडगीचं हाड दुखायला लागतं, कधी त्याला बारीक चीरही पडते. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू चालेल, पण आठवड्यातले निम्मे दिवस मैदानावर काढा. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, फेरीला ८५ सेकंद. ही गती पायांना ज्या जमिनीवर दाखवायची आहे, त्याच जमिनीवर शिकवावी लागते.

५. रक्त

मुलींच्या बाबतीत धावण्याची वेळ सुधारत नसेल, तर प्रशिक्षक फेऱ्या वाढवतात. त्याआधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातल्या लोकलचे डबे आणि प्राणवायू म्हणजे प्रवासी. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. हिमोग्लोबिन १२, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम, असेल तर एक लिटर रक्तात सुमारे १६० मिलिलिटर प्राणवायू मावतो, ९ असेल तर १२०. बारा डब्यांच्या जागी नऊ डब्यांची गाडी आली की विरारच्या फलाटावर काय होतं, ते कुणाला समजावून सांगायला नको. गाड्यांची संख्या वाढवून, म्हणजे हृदयाचे ठोके वाढवून, शरीर तूट भरून काढतं, पण धावताना ठोके आधीच टोकाला गेलेले असतात. मग दम लागतो.

इलाज साधा आहे. सरकारी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, पालेभाज्या आणि कडधान्यांवर लिंबू पिळावं, मासे खाणाऱ्यांनी सुकट-जवळा ताटात ठेवावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. रक्त भरून यायला दोन-तीन महिने लागतात. भरतीची तारीख लागल्यावर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

पालघर जिल्ह्याला आणखी एक गोष्ट लागू आहे: सिकलसेल. राज्याच्या आदिवासी पट्ट्यांत हा आनुवंशिक विकार आढळतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक असतो, आणि वाहक सहसा पूर्ण निरोगी आयुष्य जगतो. फक्त टोकाचे कष्ट, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की त्याच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकू शकतात आणि स्नायू फुटू लागतात. १९८७ मध्ये अमेरिकी लष्करातल्या नवसैनिकांच्या अभ्यासात वाहकांचे अचानक मृत्यू कितीतरी पट जास्त आढळले होते. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास झाला. तोवर लष्कराने सरावात पाणी, विश्रांती आणि उष्णतेबद्दलचे नियम लावले होते, आणि या अभ्यासात वाहकांच्या मृत्यूंचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं नाही. स्नायू फुटण्याचा धोका तेवढा थोडा जास्त राहिला. जव्हार-मोखाडा-विक्रमगडच्या मुलाला हे कळलं पाहिजे. वाहक असणं म्हणजे अपात्र असणं नव्हे, पण त्याने धावण्याचा सराव हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावं आणि मांड्या-पाठीत अचानक मोठी कळ आली तर तिथेच थांबावं.

६. हृदय, ऊन आणि इंजेक्शन

जून २०१४ मध्ये मुंबई पोलिसांच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना तरुण उमेदवारांचे मृत्यू झाले. राज्य हादरलं आणि अंतर ३ किलोमीटरवर आलं. पुढे शिपाई पदासाठी ते १६०० मीटर झालं. २०२४ च्या भरतीतही राज्यात धावताना मृत्यू झालेच. त्या मुलांच्या घरी काय झालं असेल, हे आठवून पुढचं वाचावं.

किनारपट्टीचा जून फसवा असतो. पारा नागपूरइतका चढत नाही, पण हवा ओलीचिंब असते. शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. पाणी जातं आणि उष्णता आतच राहते. शरीराला अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून चाचणी ज्या वेळेला असेल, त्या वेळेला आधीचे दोन आठवडे सराव हवा.

धावताना कधी चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखलं असेल किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतल्याशिवाय धावू नका. काही जणांच्या हृदयाची भिंत जन्मजात दोषामुळे जाड होत जाते. त्याचं पहिलं लक्षण कधीकधी मैदानावरच दिसतं.

आणि इंजेक्शनं. व्यायामशाळांच्या आसपास मेफेंटरमाइन नावाचं औषध विकलं जातं. भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. धावण्याआधी ते टोचलं की ठोके आणि दाब दोन्ही उसळतात, थकवा जाणवत नाही आणि शरीराचा 'थांब' हा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. वर दुखणं मारणाऱ्या गोळ्या आणि कोरडं शरीर, म्हणजे मूत्रपिंडही धोक्यात. जो प्रशिक्षक हे सुचवेल, त्याला त्याच दिवशी सोडा.

७. कायद्याने कुठे रेघ ओढली आहे

नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत एका तरुणीची निवड झाली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय नाही आणि तिची गुणसूत्रं पुरुषाची आहेत, असं निघालं. ती मुलगी म्हणूनच वाढली होती, तपासणीत निघालेलं तिलाही नवीन होतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मे २०२२ मध्ये राज्य सरकारने सहानुभूतीने विचार करून तिला शिपाईपदाऐवजी खात्यातच दुसऱ्या पदावर घेण्याची तयारी दाखवली, आणि न्यायालयाने त्यासाठी मुदत घालून दिली. डिसेंबर २०२२ मध्ये याच न्यायालयासमोर तृतीयपंथी उमेदवारांचा प्रश्न आला. त्यांच्यासाठी अर्जात वेगळा पर्याय आणि शारीरिक चाचणीचे नियम करायचं सरकारने मान्य केलं.

त्याआधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ च्या कायद्याने तो भेदभाव देशभर बेकायदा ठरवला. तपासणी माणसाची क्षमता मोजते. तिच्या आडून कुणाच्या आजाराला कलंक लावता येत नाही.

८. लपवायचं की सांगायचं

हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, कानाचा फाटलेला पडदा, वाकडं झालेलं नाकाचं हाड: हे शस्त्रक्रियेने दुरुस्त होणारे दोष आहेत. ते असतील तर भरतीच्या आधी बरेच महिने शस्त्रक्रिया करून घ्या, म्हणजे जखम भरून सराव सुरू करता येईल. झालेली शस्त्रक्रिया लपवू नका. व्रण डॉक्टरला दिसतोच, आणि खोटं निवेदन दिलं तर नेमणूक नंतरही रद्द होऊ शकते. रुग्णालयातून सोडतानाचा कागद जपून ठेवा आणि तपासणीला सोबत न्या.

आदल्या रात्री नीट झोपा. जागरण, भीती आणि दोन कप कडक चहा यांनी निरोगी माणसाचाही रक्तदाब वर जातो. दाब जास्त आला तर दहा मिनिटं बसू द्यावं आणि पुन्हा मोजावा, अशी विनंती करा, डॉक्टर बहुधा ऐकतात. कानात मळ असेल तर आठवडाभर आधी काढून घ्या. आणि अपात्र ठरवलं, तर कोणत्या कारणाने, ते लेखी मागा. कारण कागदावर आलं की त्याच तपासणीसाठी दुसऱ्या सरकारी रुग्णालयात जाता येतं, आणि दोन अहवालांत फरक निघाला तर दाद मागायला हातात काहीतरी असतं.